कंपवातावरील जनुकोपचार : आशेचे मोजमाप

कंपवात हा मेंदूतील विशिष्ट चेतापेशींचा हळूहळू ऱ्हास होत जाणारा आजार आहे. हाताची थरथर हे त्याचे सर्वपरिचित लक्षण असले, तरी रुग्णाला त्याहून अधिक जाचतात ती हालचालींतील मंदगती, स्नायूंचा ताठरपणा, दिवसेंदिवस बारीक होत जाणारे अक्षर, शर्टाची बटणे लावताना अडणारी बोटे आणि उंबरठ्यापाशी येताच जमिनीला खिळल्यासारखे होणारे पाय. लंडनमधील वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले आणि पुढे त्यांच्याच नावाने तो जगभर ओळखला जाऊ लागला. त्यानंतरच्या दोनशे वर्षांत लक्षणांना आवर घालणारी औषधे आणि शस्त्रक्रिया उपलब्ध झाल्या, परंतु पेशींचा ऱ्हास थांबवू शकेल असा एकही उपचार अद्याप सिद्ध झालेला नाही. जनुकोपचाराकडे, म्हणजे पेशीत एखादे जनुक पोचवून तिच्याकडून हवे ते प्रथिन तयार करून घेण्याच्या पद्धतीकडे, कंपवाताचे रुग्ण आणि संशोधक इतक्या उत्कंठेने पाहतात, ते या उणिवेमुळेच. ही आशा निराधार नाही, पण या आजारात आशा स्वतःच शरीरात रासायनिक बदल घडवते आणि त्यामुळे उपचाराचा परिणाम व आशेचा परिणाम एकमेकांपासून वेगळे करणे हे येथील संशोधनाचे सर्वांत अवघड काम ठरले आहे.

तुटवडा आणि गोळी

मेंदूच्या तळाशी, मध्यमस्तिष्कात, सब्स्टान्शिया नायग्रा नावाचा एक काळसर पट्टा असतो. तेथील चेतापेशी डोपामाइन नावाचे रसायन तयार करतात आणि आपल्या लांब तंतूंमार्फत ते मेंदूच्या खोल भागातील स्ट्रायटम या केंद्रात सोडतात. स्ट्रायटमचा पुटामेन नावाचा भाग हालचालींच्या नियमनाशी विशेष निगडित आहे. कंपवातात या पेशी मरत जातात, त्यांच्यात आल्फा-सायन्यूक्लीन या प्रथिनाच्या गुठळ्या साचतात, आणि पुटामेनला होणारा डोपामाइनचा पुरवठा आटत जातो. हा ऱ्हास वर्षानुवर्षे मूकपणे चालू असतो. हाताची पहिली थरथर जाणवते तेव्हा पुटामेनमधील डोपामाइनचा बराच मोठा हिस्सा आधीच नाहीसा झालेला असतो.

स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी १९५०च्या दशकात डोपामाइन हे मेंदूतील स्वतंत्र संदेशवाहक रसायन असल्याचे दाखवून दिले आणि व्हिएन्नाचे ओलेह हॉर्निकिविच यांनी १९६० मध्ये कंपवाताच्या मृत रुग्णांच्या मेंदूत त्याची तीव्र कमतरता असल्याचे सिद्ध केले. डोपामाइन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, पण त्याचे पूर्वरूप असलेला लेव्होडोपा शिरू शकतो. जॉर्ज कोटझियास यांनी १९६७ मध्ये तो तोंडावाटे वाढत्या मात्रेत देऊन उल्लेखनीय परिणाम दाखवले, आणि आजही तोच या उपचाराचा कणा आहे. भारतीय वैद्यकपरंपरेत कंपवातासाठी वापरल्या जाणाऱ्या खाजकुइलीच्या बियांमध्ये हाच लेव्होडोपा असतो, हे १९३७ मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी शोधून काढले होते, मात्र त्याचा या आजाराशी असलेला संबंध उलगडायला आणखी अडीच दशके जावी लागली.

लेव्होडोपाची गोळी पहिली काही वर्षे उत्तम काम करते. पुढे मात्र तिचा परिणाम लवकर ओसरू लागतो, रुग्णाचा दिवस गोळी चालू असण्याच्या आणि उतरलेली असण्याच्या तुकड्यांत विभागला जातो, आणि चालू असण्याच्या वेळात शरीराच्या अनावर वेड्यावाकड्या हालचाली, म्हणजे डिस्कायनेशिया, सुरू होतात. यामागचे एक कारण असे की लेव्होडोपाचे डोपामाइनमध्ये रूपांतर करणारे एएडीसी हे विकर ज्या चेतातंतूंच्या टोकांत असते, ती टोकेच आजारात नष्ट होत जातात. कच्चा माल येत राहतो, पण कारखाने बंद पडत जातात. जनुकोपचारामागचा एक महत्त्वाचा विचार या अडचणीतूनच पुढे आला आहे.

विषाणू वाहक होतो

कंपवाताच्या बहुसंख्य रुग्णांमध्ये आजाराला कारणीभूत ठरणारे एखादे सदोष जनुक सापडत नाही, म्हणून या आजारातील जनुकोपचार म्हणजे बिघडलेल्या जनुकाची दुरुस्ती, असा समज करून घेणे बरोबर नाही. बहुतेक प्रयोगांत मेंदूतील पेशींना एक नवे काम शिकवले जाते, मग ते एखादे विकर बनवण्याचे असो, एखादे पोषक प्रथिन स्रवण्याचे असो, किंवा अतिउत्तेजित पेशींना शांत करणारे रसायन तयार करण्याचे असो.

त्यासाठी लागणारे जनुक पेशीच्या आत पोचवण्याचे काम विषाणूकडे सोपवले जाते, कारण पेशीत शिरून आपला जनुकीय मजकूर तिच्या हवाली करणे हेच विषाणूचे स्वाभाविक कौशल्य आहे. मेंदूसाठी सर्वाधिक वापरला जातो तो एएव्ही, म्हणजे अॅडेनो-संलग्न विषाणू. १९६५ मध्ये दुसऱ्या एका विषाणूच्या नमुन्यात भेसळ म्हणून सापडलेल्या या अतिसूक्ष्म विषाणूमुळे माणसाला कोणताही ज्ञात आजार होत नाही. त्याची स्वतःची जनुके काढून टाकून त्या जागी उपचाराचे जनुक ठेवले, की तो निव्वळ वाहक उरतो. चेतापेशी विभाजित होत नसल्यामुळे तिच्यात एकदा पोचलेले जनुक वर्षानुवर्षे काम करत राहू शकते. मात्र या वाहकाची क्षमता मर्यादित आहे. त्यात सुमारे ४,७०० अक्षरांएवढाच जनुकीय मजकूर मावतो, आणि काही कुटुंबांतील कंपवाताशी जोडल्या गेलेल्या एलआरआरके२ या प्रथिनाची संहिताच साडेसात हजार अक्षरांहून मोठी असल्याने ती यात बसत नाही.

या क्षेत्रातील सावधगिरीलाही इतिहास आहे. अमेरिकेत १९९९ मध्ये यकृताच्या एका आनुवंशिक विकारावरील जनुकोपचाराच्या चाचणीत, वेगळ्या प्रकारच्या विषाणूवाहकाविरुद्ध शरीराने दिलेल्या तीव्र प्रतिकारामुळे, जेसी गेलसिंगर या १८ वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला आणि पुढची काही वर्षे या क्षेत्रावर संशयाचे सावट राहिले. कंपवातावरील पहिला मानवी प्रयोग या घटनेला जेमतेम चार वर्षे होत असताना झाला.

पहिले प्रयोग

ऑगस्ट २००३ मध्ये न्यूयॉर्क येथे मायकेल कॅप्लिट आणि मॅथ्यू ड्यूरिंग यांच्या चमूने कंपवाताच्या एका रुग्णाच्या मेंदूत एएव्ही वाहकातून जीएडी या विकराचे जनुक सोडले. कंपवातात सबथॅलॅमिक केंद्र नावाचा एक छोटा भाग प्रमाणाबाहेर उत्तेजित होतो, आणि मेंदूत विद्युत-तारा बसवण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन, याच भागाच्या कारभारात हस्तक्षेप करते. जीएडी हे विकर पेशींना गाबा नावाचे शामक रसायन तयार करायला लावते, त्यामुळे तार आणि बॅटरी न बसवता हा भाग आतूनच शांत करता येईल, अशी या प्रयोगामागची कल्पना होती. पहिल्या १२ रुग्णांत उपचार सुरक्षित आढळला आणि २०११ मध्ये ४५ रुग्णांच्या तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर हालचालींच्या मोजणीत उपचार मिळालेल्यांमध्ये २३.१ टक्के, तर न मिळालेल्यांमध्ये १२.७ टक्के सुधारणा नोंदवली गेली. फरक खरा होता, पण माफक होता. प्रचलित शस्त्रक्रियेला मागे टाकण्याइतका तो नव्हता. प्रयोगामागची कंपनी २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि संशोधनाची ही वाट काही वर्षे खुंटली.

दुसरी वाट पेशींना जगवण्याची होती. १९९३ मध्ये जीडीएनएफ हे प्रथिन सापडले आणि ते डोपामाइन तयार करणाऱ्या पेशींचे पोषण करते असे प्रयोगशाळेत दिसले. त्याच्याशी साधर्म्य असलेल्या न्यूर्टुरिन या प्रथिनाचे जनुक पुटामेनमध्ये सोडण्याचा प्रयोग अमेरिकेत १२ रुग्णांवर झाला, आणि एका वर्षानंतर त्यांच्या हालचालींच्या गुणांकात सुमारे ३६ टक्के सुधारणा दिसली. रुग्णांना आणि डॉक्टरांना दोघांनाही उपचार दिल्याचे ठाऊक होते. त्यानंतर ५८ रुग्णांवर अशी चाचणी झाली की जिच्यात कोणाला खरा उपचार मिळाला हे ना रुग्णाला माहीत होते ना तपासणाऱ्याला, आणि २०१० मध्ये तिचा निष्कर्ष आला तो असा की एका वर्षानंतर दोन गटांत लक्षणीय फरक नव्हता.

आशेचे रसायन

३६ टक्के सुधारणा गेली कोठे, या प्रश्नाचे निदान काही अंशी उत्तर २००१ मधील एका अभ्यासात सापडते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी कंपवाताच्या रुग्णांना औषधाऐवजी मिठाच्या पाण्याचे इंजेक्शन दिले आणि पीईटी नावाच्या प्रतिमातंत्राने त्यांच्या मेंदूचे निरीक्षण केले, तेव्हा स्ट्रायटममध्ये खरोखरीचे डोपामाइन मोठ्या प्रमाणात स्रवल्याचे आढळले. काहीतरी चांगले घडणार या अपेक्षेला मेंदू ज्या रसायनाने प्रतिसाद देतो, नेमक्या त्याच रसायनाची या आजारात टंचाई असते. बरे वाटल्याचे सांगणारा रुग्ण त्यामुळे स्वतःची फसवणूक करत नसतो. त्याला खरेच बरे वाटलेले असते आणि त्याची पावलेही काही काळ खरीच हलकी पडत असतात. या परिणामाला प्लासिबो परिणाम म्हणतात, आणि उपाय जितका मोठा, महाग व नाट्यमय, तितका तो वाढण्याची शक्यता असते. मेंदूवरील जनुकशस्त्रक्रियेहून मोठा उपाय कल्पिणेही कठीण आहे.

म्हणूनच या चाचण्यांत तुलनेच्या गटावर लटकी शस्त्रक्रिया करावी लागते. रुग्णाला शस्त्रक्रियागृहात नेले जाते, त्याच्या कवटीच्या हाडात अर्धवट छिद्र पाडले जाते, पण मेंदूत काहीही सोडले जात नाही, आणि अनेक महिने त्याला सत्य सांगितले जात नाही. आजारी माणसाच्या डोक्याला निष्कारण जखम करणे हे वैद्यकीय नीतीला सहज मान्य होणारे कृत्य नव्हे, आणि त्यावर तज्ज्ञांत तीव्र वाद झाले आहेत. परंतु ही कसोटी गाळली असती, तर न्यूर्टुरिनचा उपचार ३६ टक्क्यांच्या बळावर हजारो लोकांच्या मेंदूत पोचला असता आणि त्याचा विशेष उपयोग नाही हे कळायला कदाचित एक पिढी लागली असती. ज्या आजारात आशेनेच डोपामाइन वाढते, त्या आजारात आशेला सर्वांत कठोर परीक्षेतून जावे लागते, हे या चाचण्यांनी शिकवलेले पहिले सत्य आहे.

जागा, व्याप्ती आणि वेळ

चाचणी फसली म्हणजे कल्पना चुकीची होती, असा निष्कर्ष मात्र लगेच काढता येत नाही. न्यूर्टुरिनच्या प्रयोगात सहभागी झालेल्या आणि पुढे निधन पावलेल्या काही रुग्णांच्या कुटुंबीयांनी त्यांचे मेंदू संशोधनासाठी दान केले. त्यांच्या तपासणीत दिसले, की पुटामेनमध्ये सुया टोचलेल्या जागांभोवती प्रथिन तयार झाले होते, पण फार थोड्या भागात. आणि तंतूंमार्फत ते उलट्या दिशेने सब्स्टान्शिया नायग्रापर्यंत वाहून जाईल ही अपेक्षा फोल ठरली होती, कारण वाहून नेणारे तंतूच आजाराने नष्ट झाले होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात उपचारानंतर आठ आणि दहा वर्षे जगलेल्या दोन रुग्णांच्या मेंदूंचे वर्णन आहे. इतक्या वर्षांनंतरही जनुक काम करत होते, ही त्यातील उमेद वाढवणारी बाब होती, तर त्याची व्याप्ती अपुरी होती, ही खंत वाटण्याजोगी. प्रश्न जनुकाच्या टिकण्याचा नव्हता, ते पोचण्याचा होता.

पोचवण्याचे तंत्र सुधारण्यात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील केंद्रात काम केलेले क्रिस्टोफ बँकिविच यांचा वाटा मोठा आहे. द्राव सुईतून थेंबाथेंबाने पसरू देण्याऐवजी तो हलक्या, सततच्या दाबाने ऊतीत ढकलायचा, त्यात एमआरआयमध्ये उजळून दिसणारे गॅडोलिनियम मिसळायचे, आणि शस्त्रक्रिया चालू असतानाच तो नेमका कोठवर पसरतो हे पडद्यावर पाहत मात्रा ठरवायची, अशी ही पद्धत आहे. जीडीएनएफ जनुकाच्या अमेरिकेतील सुरुवातीच्या चाचणीत पुटामेनचा सुमारे एक चतुर्थांश भाग द्रावाने व्यापला होता. ११ रुग्णांवरील नंतरच्या चाचणीत हे प्रमाण निम्म्याच्या पुढे गेले. त्या चाचणीत उपचार सुरक्षित आढळल्याने, लटक्या शस्त्रक्रियेशी तुलना करणारी दुसऱ्या टप्प्याची चाचणी हाती घेण्यात आली आहे. जनुकाऐवजी जीडीएनएफ हे प्रथिनच थेट नळीने मेंदूत सोडण्याचे तुलनात्मक प्रयोग याआधी दोनदा अपेक्षित फरक दाखवू शकले नव्हते, हे लक्षात ठेवूनच या नव्या चाचणीकडे पाहावे लागेल.

तिसरा प्रश्न वेळेचा आहे. पोषक प्रथिन जिवंत पेशीलाच जगवू शकते, मेलेल्या पेशीला ते उठवू शकत नाही. सुरुवातीच्या बहुतेक चाचण्यांतील रुग्ण प्रगत अवस्थेत होते, कारण नवा आणि न परतवता येणारा उपचार आधी अशांनाच देणे नैतिकदृष्ट्या योग्य मानले जाते. त्यामुळे ज्यांना या उपचाराचा लाभ होण्याची शक्यता सर्वांत अधिक, त्यांच्यावर तो सर्वांत शेवटी तपासला जातो, आणि ही कोंडी फोडण्यासाठी अलीकडच्या चाचण्यांत तुलनेने सुरुवातीच्या अवस्थेतील रुग्णही घेतले जात आहेत.

बालकांनी दिलेला पुरावा

कारखाने पुन्हा सुरू करण्याची कल्पना, म्हणजे पुटामेनमधील ज्या पेशी कंपवातात मरत नाहीत त्यांना एएडीसी विकराचे जनुक देणे, ही आजवरची सर्वांत तर्कशुद्ध वाट मानता येईल. त्या पेशी लेव्होडोपाच्या गोळीचे डोपामाइन करू लागल्या, तर कमी गोळ्यांत अधिक काम होईल आणि गोळीची मात्रा कमी-जास्त करून परिणामावर ताबाही ठेवता येईल. कंपवातसदृश अवस्था निर्माण केलेल्या माकडांमध्ये एकदाच दिलेल्या या जनुकाचा परिणाम आठ वर्षे टिकल्याचे २०१० मध्ये नोंदवले गेले. मानवी चाचणीत १५ रुग्णांच्या पहिल्या गटात, पुटामेनचा जितका अधिक भाग व्यापला तितकी लेव्होडोपाची गरज कमी झाली, असे दिसले. पुढील मोठी चाचणी मात्र काही रुग्णांच्या एमआरआयमध्ये अनपेक्षित बदल आढळल्याने थांबवावी लागली.

याच जनुकाने दुसऱ्या एका आजारात मात्र निःसंशय यश मिळवले आहे. जन्मतःच एएडीसी विकर नसलेली बालके मान धरू शकत नाहीत, बसू शकत नाहीत, आणि तासन्‌तास चालणाऱ्या वेदनादायी आकड्यांनी त्यांचे डोळे वर फिरलेले राहतात. तैवानच्या राष्ट्रीय विद्यापीठ रुग्णालयातील वू-लियांग ह्वू यांच्या चमूने २०१०च्या सुमारास अशा मुलांच्या पुटामेनमध्ये हे जनुक सोडण्यास सुरुवात केली. अंथरुणाला खिळलेली मुले मान सावरू लागली, बसू लागली, त्यांतील काही आधाराने पावलेही टाकू लागली. युरोपीय संघाने जुलै २०२२ मध्ये आणि अमेरिकेने नोव्हेंबर २०२४ मध्ये या उपचाराला मान्यता दिली. थेट मेंदूत देण्याच्या जनुकोपचाराला अमेरिकेत मिळालेली ही पहिलीच मान्यता होय. या मुलांत एकच विकर नव्हते आणि तेच पुरवले गेले. कंपवातात पेशी मरतात आणि त्या का मरतात हेही पूर्ण उमगलेले नाही. म्हणून एका आजारातील यश दुसऱ्यात जसेच्या तसे उतरेल असे नाही, पण माणसाच्या पुटामेनमध्ये जनुक सुरक्षितपणे पोचवून त्याच्याकडून डोपामाइन तयार करून घेता येते, ही गोष्ट आता कल्पनेची उरलेली नाही.

मुळाकडे जाणारी वाट आणि भारतातील स्थिती

वरील सर्व प्रयोग तुटवडा भरून काढण्याचे किंवा पेशी जगवण्याचे आहेत. आजाराच्या मुळाशी जाण्याचा प्रयत्न जीबीए१ या जनुकाबाबत सुरू आहे. पेशीतील टाकाऊ स्निग्ध पदार्थांची विल्हेवाट लावणारे विकर हे जनुक तयार करते, आणि त्यातील बदल कंपवाताच्या रुग्णांच्या एका लक्षणीय गटात आढळतात. निरोगी जीबीए१ एएव्ही वाहकातून मेंदूभोवतीच्या द्रवात सोडून, पुटामेनपुरते न थांबता मेंदूच्या विस्तृत भागापर्यंत पोचण्याचा प्रयोग मानवी चाचण्यांच्या पायरीवर आहे. बद्धकोष्ठता, गंध न येणे, झोपेतील अस्वस्थता, नैराश्य आणि विस्मरण ही कंपवाताची लक्षणे पुटामेनमधील डोपामाइनने दूर होत नाहीत, म्हणून अशा व्यापक उपचाराची गरज अधिक तीव्रतेने जाणवते.

भारतातील तयारीही दुर्लक्षण्यासारखी नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१९ मध्ये जनुकोपचाराच्या विकासासाठी आणि चाचण्यांसाठी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. मुंबईतील आयआयटी आणि टाटा स्मारक रुग्णालय यांच्या संशोधनातून उभी राहिलेली रक्ताच्या कर्करोगावरील नेक्सकार१९ ही पेशी-जनुकोपचार पद्धती २०२३ मध्ये मान्यता पावली, आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये हिमोफिलियावरील जनुकोपचाराचे पहिल्या पाच रुग्णांतील यशस्वी निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. हे प्रयोग मेंदूशी संबंधित नसले, तरी त्यांत विषाणूवाहकांचा वापर देशातच झाला आणि उपचाराची किंमत परदेशाच्या तुलनेत पुष्कळच खाली आणता येते हेही मुंबईतील पद्धतीने दाखवून दिले. पाठीच्या कण्यातील चेतापेशींच्या एका बालविकारावरील जनुकोपचार २०१९ मध्ये अमेरिकेत सुमारे २१ लाख डॉलर किमतीला बाजारात आला होता, हे पाहता किफायतशीर निर्मितीचा प्रश्न विज्ञानाच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा ठरणार आहे.

कंपवातावरील कोणताही जनुकोपचार अद्याप मान्यताप्राप्त नाही. त्यामुळे आज जो कोणी पैसे घेऊन असा उपचार देऊ करतो, तो रुग्णाच्या असहायतेचा व्यापार करतो, हे घराघरांत पोचले पाहिजे. अधिकृत चाचणीत उपचाराचे शुल्क आकारले जात नाही, तिची नोंद सार्वजनिक असते आणि तिच्यातील धोके सहभागी होणाऱ्याला लेखी सांगितले जातात. मेंदूतील विद्युत-तारांची यंत्रणा बंद करता येते. मेंदूत एकदा सोडलेले जनुक परत काढता येत नाही. या एका फरकासाठी तरी निर्णय उतावीळपणे घेऊ नये.

या क्षेत्रात आजवर मिळालेले ज्ञान ज्यांच्यामुळे मिळाले, त्यांतील अनेकांना त्याचा स्वतःला काहीच लाभ झाला नाही. आपल्या कवटीत पाडलेल्या छिद्रामागे जनुक आहे की काहीच नाही, हे ठाऊक नसताना महिनोन्‌महिने तपासणीला येत राहिलेले रुग्ण आणि मृत्यूनंतर आपल्या माणसाचा मेंदू शास्त्रज्ञांच्या हाती सोपवणारी कुटुंबे, यांच्यामुळेच पुढच्या चाचणीत द्रावाने किती भाग व्यापावा आणि सुई आजाराच्या कोणत्या टप्प्यावर टोचावी हे कळले. उद्या एखादा जनुकोपचार लटक्या शस्त्रक्रियेच्या कसोटीवर उतरला, तर त्याच्या यशात, चाचणी संपल्यावर आपल्याला काहीच दिले गेले नव्हते हे समजलेल्या त्या रुग्णांचाही वाटा असेल.